कंगणातला पांढरा पट्टा

सावली, जि. चंद्रपूर
९ जुलै २०२४

चि. सौ. दुर्गास मामाचे अनेक आशीर्वाद.

नागसेन कंडक्टरच्या हाती दिलेलं पाकीट आणि त्यातलं मेमरी कार्ड काल मिळालं. फोन पर्लकोटा नदीत पडला म्हणतेस, तर आता पत्रच. बरं झालं. फोनवर तू माझं अर्धंच ऐकतेस, तुझ्या आईसारखी.

तुमच्या गावच्या ओतारी इसरूदादानं ओतलेली कंगणं सुरेख आहेत. फोटो मात्र नागपूरच्या त्या ऑनलाइन दुकानानं परत पाठवले, आणि मीही तेच केलं असतं. चकाकणाऱ्या पितळेचा फोटो पितळेचा नसतोच पोरी, पितळेसमोर जे जे असतं त्याचा असतो. तुझ्या प्रत्येक कंगणात डावीकडे एक उभा काळा डाग आहे. काय ठेवलं होतंस तिथं, कपाट? काढ ते. थर्माकोलची पेटी कर, दोन्ही बाजूंना खिडक्या काप, त्यांना बटरपेपर लाव. दिवे पेपरच्या बाहेर, एक वीत लांब. समोर पांढरा कागद, त्याला फक्त लेन्सपुरतं भोक. कंगण उभं राहायला खाली गव्हाच्या दाण्याएवढं मेण. वस्तूला हात लावायचा तो सुती हातमोज्यांनीच. मला हे कुण्या कॉलेजानं शिकवलं नाही. सराफाच्या चांदीच्या जोडव्यांचे फोटो दोनशे वेळा बिघडवले, तेव्हा कळलं.

चाळीस वस्तूंचे फोटो पंधरा ऑगस्टपर्यंत गेले तर वर्षभराचं काम तुला नि इसरूदादाला. दोन दिवे आणि माझा ट्रायपॉड धाडतो आहे. सोबत विनोदरावांसाठी एक चिठ्ठी आहे. त्यात लिहिलंय की आमच्या दुर्गीच्या हातात कला आहे, तुमच्या हातात काय आहे ते एकदा कळवा. काही नसेल तर निदान दिवे धरा. जावयाची एवढी मस्करी मामेसासऱ्यानं करायची नाही तर कुणी?

मामी आठवण काढते. लोभ आहेच, तो कामात दिसू दे.

तुझा मनसाराममामा

•

भामरागड
१९ जुलै २०२४

ती. मामांस दुर्गाचा सा. न. वि. वि.

सामान पोचलं. पेटी तुम्ही सांगितली तशीच केली. इसरूदादा आत डोकावला नि म्हणाला, बाई, माह्या कंगणाले काऊन कफनात टाकलं? त्याची बायको रैनीबाई तर हसून हसून खाली बसली.

चिठ्ठी यांनी वाचली. दोनदा वाचली, मोठ्यानं. मग म्हणाले, माह्या हातात काय आहे ते दाखवू का तुले. ट्रायपॉडचा एक पाय खोलून हातात घेतला. आमचा कुत्रा काळू मधे आला, तर तो पाय त्याच्या कण्यावर बसला. संध्याकाळपर्यंत मागचं अंग ओढत परसात फिरत होता बिचारा, मग गेला. मीच पुरला. तुमच्या ट्रायपॉडचा पाय वाकलाय, रागावू नका. माझ्याही डाव्या हाताला जरासं लागलं, सांगण्यासारखं नाही.

तो काळा डाग कपाट नव्हता. काम चालू असताना हे दाराशी उभे असतात. कोणासाठी चमकवून राह्यली, असं विचारत असतात. आता पेटीमुळे ते फोटोत येत नाहीत. बावीस वस्तूंचं नवं कार्ड पाठवते. चूक दिसली तर सांगा, पण जरा गोडीनं.

मामींना नमस्कार. माया आहे तशी राहू द्या.

आपली दुर्गा

•

सावली
३० जुलै २०२४

चि. सौ. दुर्गास अनेक आशीर्वाद.

कार्ड मोठ्या पडद्यावर पाहिलं. काळा डाग गेला, शाब्बास! कुत्र्याचं वाईट झालं. पण ट्रायपॉड ही काय जनावर मारायची वस्तू आहे? वाकल्या पायाला बांबूची कामटी लाव नि तारेनं आवळ. विनोदरावांना म्हणावं, कामाच्या वेळी बाहेर बसा. राग पुरुषाच्या नाकावर असतोच, माझ्याही होता, तुझ्या मामीला विचार. तू मनाला लावून घेऊ नकोस. हाताला हळद लाव.

आता कामाचं. सतरा नंबरचं कंगण मी अर्धा तास पाहत बसलो. डाव्या अंगाला वरून खाली एक पांढरा पट्टा उतरला आहे. कडा मऊ, आत किंचित खरबरीत पोत. थर्माकोलला तसा पोत येत नाही, बटरपेपरला तर नाहीच. त्या पट्ट्यानं पितळेची गोलाई अशी उठलीय की हात घालून उचलावं. फोटोच्या धंद्यातल्या सव्वीस वर्षांत मला हे जमलं नाही, हे कबूल करायला मला किती जड जातं ते तुला ठाऊक आहे. काय लावलंस तिथं? राहिलेल्या सगळ्या फोटोंत तेच हवं.

उत्तराची वाट पाहतो. अशीच शिकत राहा, आणि मामाला विसरू नको.

तुझा मनसाराममामा

•

भामरागड
१० ऑगस्ट २०२४

ती. मामांस नमस्कार.

सतरा नंबरात माझा हात आहे मामा. प्लास्टरमधला. समोरचा कागद यांनी फाडला होता, म्हणून भोकाच्या बाजूला हात उभा धरला. सगळ्या फोटोंत तेच हवं, असं तुम्ही लिहिलंत. ते वाचून मी हसले, आणि मग थांबताच येईना.

मनगटाच्या वर चार बोटांवर दोन्ही हाडं मोडली. चिठ्ठीच्याच दिवशी, काळूनंतर, त्याच ट्रायपॉडच्या पायानं. दवाखान्यात मी सांगितलं की शेवाळावर घसरले. कागदावर तेच लिहिलं गेलं. फोनही नदीत पडला नव्हता, यांनी पाट्यावर ठेवून वरवंट्यानं फोडला. तुमचं मागचं पत्र यांनीच आधी उघडलं. राग पुरुषाच्या नाकावर असतोच, ही ओळ मला वाचून दाखवली. म्हणाले, पाह्य, तुह्या मामालेही समजते.

मी काम इसरूदादाकडे हलवलं. काल दुपारी हे तिथं आले. पेटी लाथेनं उडवली. एक दिवा रैनीबाईच्या पायावर फोडला. मला केसांना धरून अंगणात ओढलं आणि गळा दाबला. डोळ्यांपुढे आधी पिवळं आलं, मग तेही जायला लागलं. प्लास्टरचा हात तेवढा मोकळा होता. तो मी यांच्या तोंडावर मारला. पुन्हा मारला. प्लास्टर तडकलं, हाडात कळ उठली, तरी मारला. दोन दात मातीत पडले. इसरूदादानं यांना मागून आवळलं म्हणून मी थांबले. नाहीतर थांबले नसते, हे तुम्हाला खरं सांगते.

ते दात रुमालात बांधून हे पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेले. बायको मारते म्हणून. मी गेले तर तिथल्या एकानं विचारलं, त्याच्याजवळ दात आहेत, तुमच्याजवळ काय आहे? माझ्याजवळ शेवाळावर घसरल्याचा कागद आहे. आता मी इसरूदादाकडेच आहे, आणि हे समोरच्या मोहाच्या झाडाखाली कुऱ्हाड मांडीवर घेऊन बसलेत. इसरूदादा नि शेजारचे दोघं आळीपाळीनं दारात असतात. पण दारातली माणसं किती दिवस शेती सोडतील?

पूल पाण्याखाली आहे. औषधांच्या डोंग्यातून नर्स खुशबूबाई हे पत्र पलीकडे नेऊन नागसेनभाऊला देणार आहेत. मामा, काठी घेऊन येऊ नका. मारणारं माणूस मला आणखी एक नको.

दुर्गा

•

पर्लकोट्याचा अलीकडचा काठ
१२ ऑगस्ट २०२४

चि. दुर्गा,

मी इथं सकाळपासून आहे. डोंग्यात औषधं आणि नर्सबाई एवढंच जातं. मला दोनदा उतरवलं. काठी आणली होती. ती आलापल्लीला बसच्या बाकाखाली सोडून आलो.

निघण्याआधी पहिलं कार्ड पुन्हा उघडलं आणि तो काळा डाग मोठा केला. अकरा फोटोंत त्याचा हात वर उचललेला आहे. तीन फोटोंत हातात कमरेचा पट्टा आहे. आणि मी तुला लिहिलं, कपाट असेल, काढ ते. चकाकत्या वस्तूत काय दिसतं ते मला सगळ्यांत आधी कळतं, अशी बढाई मी गावभर मारतो. चिठ्ठीतला टोमणा लिहून तर मी एकटाच हसलो होतो. तुझं हाड माझ्या लेखणीनं मोडलं, असं मी म्हणणार नाही, मोडलं त्यानंच. पण त्याच्या हातात ट्रायपॉड मी दिला.

कार्ड माझ्या खिशात आहे. ठाण्यातल्या साहेबांच्या टेबलावर ते मीच ठेवीन, पण तेवढं पुरणार नाही. गळ्यावरचे वळ आठवडाभरात पिवळे पडून जातील. आजच फोटो काढ. कॅमेरा इसरूदादाच्या हाती दे, उरलेला दिवा रैनीबाईच्या. पेटी नको, बटरपेपर नको. उघडा दिवा, एका बाजूनं, कानाच्या रेषेत तिरपा, म्हणजे सूज सावलीसकट उठेल. आधी चेहऱ्यासह पूर्ण फोटो, तू ओळखू यावीस असा. मग गळा जवळून, शेजारी मोजपट्टी. एका फोटोत पांढरा कागद ठेव, म्हणजे वळांचा रंग खरा येईल. मग केस उपटले ती जागा, पाठ, तडकलेलं प्लास्टर. पावडर लावू नकोस. हललेला फोटोसुद्धा पुसू नकोस. जन्मभर मी मऊ उजेड शिकवला. आज तो वापरायचा नाही.

चाळीस वस्तूंना उशीर होईल, असं मी दुकानाला कळवलं आहे. थांबले तर थांबले.

आणखी एक. मी इथं सगळ्यांना मामा आहे, मामा आहे, एवढंच सांगत होतो. शेवटी नावाड्याला म्हणालो, माझ्या भाचीला नवऱ्यानं मारलंय, हात मोडलाय, गळा दाबलाय. तो म्हणाला, मंग असं सांगा नं भाऊ, जखमी माणसाले कोन नाई म्हणते? हे पत्र आत्ताच्या फेरीत खुशबूबाईंच्या हाती देतो; पुढच्या फेरीला त्या आणि तिघं नावाडी तुला न्यायला इसरूदादाच्या दारापर्यंत येतील. वल्ही हातात ठेवणार आहेत. तू मधे चाल, मोहाकडे पाहू नकोस.

मी गुडघाभर पाण्यात उभा राहून लिहितो आहे. आशीर्वाद लिहायची माझी आज लायकी नाही. तू ये. मग माया ठेवायची की नाही, ते तू ठरव.

मनसाराम