माहेरची बाटली, सासरची बाटली

आई, तुझ्या नावावर मी दरवर्षी एकदा वर्गाला हसवतो, हे आधीच सांगून टाकतो. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो आणि माझा सगळा संसार चिलटांचा आहे. तीच चिलटं, जी आपल्या बागेत सडलेल्या पेरूंवर जमायची आणि तू पदरानं हाकलायचीस. मी ती काचेच्या बाटल्यांत पाळतो. त्यांचे नर एकमेकांवर पुढचे पाय उगारून धावून जातात, कारण खाण्याची जागा जो राखतो त्याच्याकडे माद्या येतात. भांडखोरांचीच पोरं पिढ्यान्‌पिढ्या जास्त निपजली, म्हणून आजचे नरही भांडखोर. हे मुलांना लगेच पटतं. मादीचं वेगळं आहे. कोशातून निघालेली मादी सकाळीच उचलून बाजूला ठेवली, नराचं तोंड पाहू दिलं नाही, तर ती दुसरीच्या शेजारी बसून गुमान खाते. मीलन झालं की नराच्या बीजाबरोबर जे काही तिच्या अंगात जातं, त्यानं तिचा स्वभावच पालटतो. अंडी घालायची तर चांगलं खायला हवं, आणि मग यीस्टच्या ठिपक्यापायी ती शेजारणीला डोक्यानं ढुशा देऊ लागते. मी एका बाटलीवर 'माहेर' आणि दुसरीवर 'सासर' अशी चिठ्ठी चिकटवतो. मग म्हणतो, "आमच्या घरात दोन जावा होत्या. आमची आई लग्नाआधी गरीब गाय होती म्हणे." वर्ग खो खो हसतो. खरं सांगतो, मला ते हसणं आवडतं.

वर्गाला मी आपल्या घरच्या सकाळचं काहीच सांगत नाही. दूध डेअरीला जायचं आणि आजी एकच पेला मागे ठेवायची, चुलीशेजारच्या कट्ट्यावर. कुणासाठी, ते कधी बोलायची नाही. घरात पोरं दोन, मी आणि काकूची मुलगी. तू पदर खोचून पुढे होतेस, काकू दुसरीकडून. "माजं पोर शाळंला निघालंय!" "आन् माजी पोरगी काय वाऱ्यावर आलीय का?" आवाज पार रस्त्यापर्यंत जातो, तिथं माझे मित्र माझी वाट बघत उभे असतात. आजी म्हणते, भांड्याला भांडं लागायचंच, आणि जपमाळ ओढत बसते. मी तुझा पदर धरून म्हणतो, "आई, हळू बोल ना." तू पेला माझ्या हातात कोंबतेस. "तू पी आदी. लाजायचं ते मंग लाज." मी प्यायचो आणि मग लाजायचो, अगदी तू सांगितलं होतंस त्याच क्रमानं.

यंदा पालकांना प्रयोगशाळा दाखवायचा दिवस होता. काकूची मुलगीही आली होती, तिची लेक आता आमच्याच कॉलेजात आहे. मागं उभी होती, मला दिसली नाही. दिसली असती तरी मी जावांचा विनोद गिळला असता, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. सगळे हसून बाहेर पडल्यावर ती बाटल्यांपाशी आली. दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या, मग सासरच्या बाटलीकडे वाकून बघत राहिली.

"दादा, ह्यो ठिपका कोन ठेवतं?"

"मीच."

"एवढुसाच?"

"मोठा ठेवला तर भांडत नाहीत गं फारशा. मग मुलांना दाखवायचं काय?"

"व्हय," ती म्हणाली, "आपल्या घरी आजी ठेवायची."

रागानं नाही म्हणाली. इतकी वर्षं मी तुझं तोंड, तुझा खोचलेला पदर, सगळं तुझ्या अंगातल्या रसायनावर ढकललं. ठिपका लहान ठेवणारा हात मात्र कधी शिकवलाच नाही, आणि आता तर तो हात माझाच आहे. मला लाज वाटते, आई. तुझी वाटायची तशी नाही, ती सोपी होती.

तिला माझ्या खोलीत नेलं, शेगडीवर चहा ठेवला. दुधाचं पातेलं पुढे ओढलं तर ती म्हणाली, "मला कोराच दी दादा. दुधाची सवयच न्हाई लागली मला." लेकीच्या फीबद्दल, पावसाबद्दल बोलावं तशा आवाजात. मग तिनं तुझी आठवण काढली. म्हणाली, चुलती लई भांडायची, पर माज्या आयशीइतकी न्हाई.

हे पत्र कुठं धाडायचं नाहीये, तेव्हा शेवटचंही लिहून टाकतो. तिला कोरा चहा ओतला. माझा कप भरताना हात थोडा थांबला. मग मी दूध घातलं, आणि साय चमच्यानं माझ्याकडे ओढून घेतली.