ताईकडे जाण्यापुरतं पेट्रोल

३ मार्च
पेट्रोल पुन्हा वाढलं. जगातलं तेल आटत चाललंय, असं पेपरात आलंय. यात नवीन काय? कॉन्व्हेंट शाळेत भूगोलाच्या सिस्टर नकाशातल्या वाळवंटावर पट्टी आपटून हेच सांगायच्या. बाकीच्या मुली खिदळायच्या. मी तेव्हापासून काळजी करतेय.

ताईचा फोन आला. आईबाबांचं घर शेवटी विकलं गेलं. मे अखेर किल्ली द्यायची, मग ती विमानाने लेकीकडे, कायमची. त्याआधी येऊन जा, म्हणाली, दोघी मागच्या खोलीत झोपू, पूर्वीसारखं. सरळ बसने ये. मी म्हटलं, यांची गाडी दारात असताना बस कशाला? गाडीनेच येते.

५ मार्च
पंपावर भली मोठी रांग. प्रत्येक गाडीला ठरावीकच पेट्रोल. ताईकडे जाऊन परत येण्यापुरतं मिळालं. गाडी शेजारच्या बँकवाल्या भाऊजींनी चालवली. मी बाजूला बसून रांगेत कुणी घुसत नाही ना, ते पाहिलं. तेही काम असतं.

संकल्प: हे पेट्रोल फक्त ताईसाठी. एक थेंबही इकडेतिकडे नाही.

६ मार्च
मेकॅनिक म्हणाला, बाई, गाडी नुसती उभी ठेवू नका, बॅटरी उतरेल. रोज जरा इंजिन चालू करत जा. केलं. हे गेल्यापासून सीट यांच्याच मापाची आहे, पार मागे सरकवलेली. माझे पाय ब्रेकला पोचत नाहीत. निघायच्या दिवशी पुढे घेईन. आत्तापासून कशाला हलवायची?

१७ मार्च
भाव आणखी चढला. आहे त्या पेट्रोलवर निघता येईल, पण वाटेत लागलंच तर या भावाने कोण भरणार? भाऊजी म्हणाले, सोमवारी उतरेल. गेल्या सोमवारीही म्हणाले होते. बँकेत आयुष्य काढलंय, काहीतरी ठाऊक असणारच.

२ एप्रिल, दुपार
उकाडा. इंजिन चालू केलंच होतं, म्हणून एसीही लावला. तोही बंद राहिला की बिघडतो म्हणे. रेडिओ यांच्याच स्टेशनवर आहे. कप्प्यात यांच्या खोकल्याच्या गोळ्या, विरघळून एकमेकींना चिकटलेल्या. गॅलरीतून भाऊजींनी विचारलं, वहिनी, कुठे निघालात? म्हटलं, कुठे नाही, बॅटरी.

१९ एप्रिल
पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या खाली. गाडी जागची हललेली नाही, म्हणजे काटाच बिघडलाय. मेकॅनिक म्हणतो, काटा ठणठणीत आहे, तुम्ही रोज किती वेळ बसता आत? हा काय प्रश्न झाला? दुसरा मेकॅनिक बघावा.

ताईने फोनवर विचारलं, खरं सांग, तुला हायवेची भीती वाटते का गं? छे! म्हटलं, ताई, प्रश्न जागतिक आहे.

६ मे
पंपावर पाटी: पेट्रोल नाही. तेलाचं जहाज कुठेतरी अडकलंय. सगळीकडे हाहाकार, आणि माझ्याकडे साठा! दूरदृष्टी म्हणतात ती हीच. मात्र आता तर हे पेट्रोल जपूनच ठेवायला हवं.

संध्याकाळी बॅटरीसाठी जरा बसले. बाहेर पडले तेव्हा अंधार झाला होता.

२३ मे
ताई विचारत होती, आईचा आरसा कुणाला द्यायचा? म्हटलं, थांब, मी आले की ठरवू. सोमवारी नक्की. काट्याकडे बघणं सोडलंय. उगीच जीव खातो.

३० मे, दुपार
बेल वाजली. दारात ताई. घामाघूम, गुडघे धरलेले, काखेत चादरीत गुंडाळलेला आरसा. बसने आली. किल्ली काल दिली म्हणाली. तू पेट्रोलची वाट बघत बसणार, हे मला ठाऊक होतं गं. सरक, आत येऊ दे.

मागच्या खोलीबद्दल मी विचारलं नाही. तीही बोलली नाही.

३१ मे
चहा झाल्यावर ताई म्हणाली, चल, एवढी गाडी आहे तर कोपऱ्यापर्यंत तरी फिरव मला. बसलो. तिने माझ्या लोंबकळणाऱ्या पायांकडे पाहिलं. मग वाकून सीटखालचा दांडा ओढला आणि मला सीटसकट खटकन पुढे ढकललं. पाय पोचले. मला भयंकर राग आला. आता मागे नेली तरी नेमकी यांची जागा सापडणार आहे का?

किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली. काही नाही. काटा बिचारा पहिल्यापासून खरं बोलत होता.

ताईला हसू आवरेना. अगं, दारात उभ्या उभ्या माझ्याकडे जाऊन परतसुद्धा आलीस की! मग माझ्याकडे पाहून हसायची थांबली. म्हणाली, रोज बसायचीस? म्हटलं, बॅटरीसाठी. ती म्हणाली, हो गं, बॅटरीसाठी.

दारं उघडी टाकून बराच वेळ तिथेच बसलो.

३ जून
ताई गेली. विमानतळाची बस वेळेवर आली. खिडकीतून ओरडली, आरसा उजेडात लाव!

११ जून
पेट्रोल उतरलं. बरंच. जहाज सुटलं म्हणे. पंपावर चिटपाखरू नाही. प्लास्टिकचा कॅन घेऊन चालत गेले. पंपवाला म्हणाला, आजी, कॅनमध्ये देत नाही, गाडी घेऊन या. म्हटलं, गाडी आणायलाच तर पेट्रोल हवंय. तो म्हणाला, मग ढकलत आणा. आणि किती टाकायचं? लांब जायचंय का?

म्हटलं, नाही. आता कुठे जायचं नाहीये.

परत आले. थोडा वेळ गाडीत बसले. पाय ब्रेकला पोचतात.