वाचणाऱ्याचं रुग्णाशी नातं

१२ मार्च, मंगळवार
दुपारची सुट्टी

प्रिय ताई,

तुला नमस्कार, चिमीला एक गालगुच्चा आणि बाबांना, त्यांना चालणार असेल तर, माझा नमस्कार. जेवण वेळेवर आहे, झोप वेळेवर आहे, केस कापलेत. झाले तुझे नेहमीचे तीन प्रश्न.

तू पाठवलेला बाबांच्या हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट शुक्रवारीच मिळाला. त्याचं इंग्रजी तयार आहे, शिक्का बसलाय, सोबत जोडलंय. आता म्हणशील, फोन करायचा सोडून हा शहाणा पत्र कसलं लिहीत बसलाय? कारण फोनवर मी भडकतो. तूही काही कमी नाहीस. कागदावर भडकायला जरा वेळ लागतो, तेवढ्यात माणूस थंड होतो.

आधी ऑफिसचं सांगतो, कारण तुझी अजून समजूत आहे की मी इथे फाइली उचलतो. चष्म्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. चार टेबलं, एक चहाची किटली आणि एक पंखा, जो चालू केला की सगळे कागद धरून बसावं लागतं. आपल्याकडचे दवाखाने सगळं फ्रेंचमध्ये लिहितात, ते रिपोर्ट इथे येतात. ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर इंग्रजीवाले. शाळेत फ्रेंच, कॉलेजात अर्धवट का होईना इंग्रजी, म्हणून मधे मी.

या डॉक्टर लोकांना पूर्ण शब्द लिहायचा म्हणजे जिवावर येतं गं. सगळं अक्षरांत. डावी जवनिका, म्हणजे हृदयाचा मोठा पंप, ती फ्रेंचमध्ये नुसती ‘व्हीजी’. इंग्रजीत आली की ‘एलव्ही’. तो पंप एका ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकतो, ते ‘एफईव्हीजी’. त्याचं इकडे ‘एलव्हीईएफ’. पहिल्या महिन्यात मला झोपेतही अक्षरं दिसायची. माझं सगळ्यांत आवडतं म्हणजे ‘आरएएस’. रिपोर्टच्या शेवटी असतं. म्हणजे, बाकी सांगण्यासारखं काही नाही. ते दिसलं की आमच्या सिस्टरबाई म्हणतात, “चला, हा घरी जाऊन भांडायला मोकळा.”

सिस्टरबाई तीस वर्षं हृदयाच्या वॉर्डात नर्स होत्या. निवृत्त होऊन इथे आल्या, पण आवाज अजून वॉर्डातलाच. आमची पद्धत अशी: मी भाषांतर करतो, मग आम्ही समोरासमोर बसतो, मधे फ्रेंच कागद. त्या माझं इंग्रजी मोठ्याने वाचतात, मी फ्रेंचवर पेन्सिल फिरवत जातो. प्रत्येक आकडा, प्रत्येक अक्षर. रुग्णाचं नाव काळ्या पट्टीखाली झाकलेलं असतं. उरतं ते वय, उंची, वजन. आणि प्रत्येक रिपोर्टला एक पिवळा कागद लावायचा. त्यावर दोन ओळी: भाषांतर करणाऱ्याचं रुग्णाशी नातं, वाचणाऱ्याचं रुग्णाशी नातं. नातेवाइकाने भाषांतर करायचं नाही, असा नियम. वाचलं तर चालतं, फक्त नातं लिहायचं. आठ महिने मी डोळे मिटून ‘नाही’, ‘नाही’ लिहीत आलोय. हा नियम कशाला, म्हणून एकदा विचारलं होतं. बाई म्हणाल्या, “घरच्या माणसावर हात हलका पडतो.” मला हसू आलं. आकड्यावर हात कसला हलका पडतोय?

‘तुझी ती कशी आहे’ म्हणून विचारलंयस. त्याचं पुढे सांगतो.

तर बाबांचा रिपोर्ट. मी नियमाचं ऐकणारा असतो तर कॉलेज सुटलंच नसतं. नावावर पट्टी लावली, स्वतःच भाषांतर केलं, पिवळ्या कागदावर ‘नाही’ लिहिलं आणि नेहमीच्या गठ्ठ्यात सरकवून दिलं. वय एकसष्ट. उंची एकशे अडुसष्ट. वजन चौसष्ट. ताई, मी घर सोडलं तेव्हा बाबा बहात्तर किलो होते. तू काही बोलली नाहीस. जिन्यात दोनदा थांबतात आणि चपलेचा पट्टा ढिला झाला म्हणतात, एवढंच लिहिलंस. कुलपं दुरुस्त करणाऱ्या माणसाला पट्टा घट्ट करता येत नाही होय?

सोमवारी सकाळी आम्ही वाचायला बसलो. बाई वाचत होत्या, माझी पेन्सिल चालली होती. आकडे बरोबर, अक्षरं बरोबर. मग त्या म्हणाल्या, “महाधमनीची झडप अरुंद, मध्यम.” पेन्सिल पुढे गेली. बाई गेल्या नाहीत.

“मागे ये.”

“काय झालं?”

“इथे काय लिहिलंय?”

मी बघितलं. ‘आरएओ’, म्हणजे हीच अरुंद झडप, आणि त्याच्यापुढे फ्रेंचमध्ये ‘घट्ट’. या झडपेपुढे हा शब्द आला की इंग्रजीत ‘तीव्र’ लिहायचं, दुसरं काही नाही. ताई, शपथेवर सांगतो, हा शब्द मी दोनशे वेळा ‘तीव्र’ लिहिलाय. झोपेत उठवलं असतं तरी लिहिला असता. आणि इथे माझ्याच हाताने ‘मध्यम’ टाइप केलं होतं. मला कळलंसुद्धा नाही.

बाईंनी चष्मा काढला. पिवळा कागद उचलून पाहिला, खाली ठेवला. म्हणाल्या, “हा तुझा कोण?”

मी उठलो. खुर्ची पडली. “कोणी नाही!” असा ओरडलो की साहेब आतल्या खोलीतून बाहेर आले. “माझा कोणी नाही! एक चूक झाली तर लगेच चौकशी! नको मला तुमची नोकरी!” आणि तरातरा जिना उतरून चष्म्याच्या दुकानापुढे जाऊन उभा राहिलो.

तिथे काचेत माझंच तोंड. आणि आठवलं, अगदी हेच शब्द, याच आवाजात, मी बाबांना म्हटले होते. दुकानात, दोन गिऱ्हाइकांसमोर. “तुम्ही माझे कोणी नाही.” त्यांच्या हातात कानस होती. त्यांनी मान वर केली नाही, ती किल्ली पूर्ण घासली, गिऱ्हाइकाला दिली, मग आत गेले. तू तेव्हा तिथे नव्हतीस. मी तुला सांगितलं होतं की त्यांनी मला हाकललं. त्यांनी हाकललं नव्हतं, ताई.

आता ‘तुझी ती’. आम्ही दोघं इथे सुखात आहोत, तिचं शिक्षण संपलं की बघू, असं मी आठ महिने लिहितोय. खोटं आहे. मी इथे आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती मला बसस्टॉपवर भेटली आणि म्हणाली, “मी तुला बोलावलं होतं का? तू कॉलेज सोडलंस, भांडलास, ते सगळं माझ्या नावावर कशाला टाकतोस?” रागावून नाही म्हणाली, हेच वाईट. तिच्याकडे पिवळा कोट आहे. रस्त्यात पिवळं काही दिसलं की अजून माझी मान वळते. गेल्या आठवड्यात तर एका टपालपेटीला फसलो. हस. तुला हसायचा हक्क आहे. मला मात्र घरी तोंड दाखवायची सोय उरली नव्हती. जिच्यासाठी बापाला नाही म्हटलं, तिनेच नाही म्हटलं, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

पुन्हा वर गेलो. बाईंनी खुर्ची उभी केली होती आणि स्वतः कोऱ्या कागदावर पहिल्यापासून भाषांतर करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “वडील?”

“हो.”

“मध्यम वाचलं असतं तर तिकडच्या डॉक्टरांनी त्यांना सहा महिन्यांनी बोलावलं असतं. इतका वेळ त्यांच्याकडे नाही. कळतंय?”

“कळतंय.”

“मग रड नंतर. आता वाच. आज वाचणारा तू.”

मी मोठ्याने वाचलं. त्या फ्रेंचवर पेन्सिल फिरवत होत्या. ‘तीव्र’वर माझा आवाज गेला. म्हणाल्या, “ऐकू आलं नाही.” दुसऱ्यांदा घोगरा आला. तिसऱ्यांदा नीट वाचला, तेव्हा कुठे पेन्सिल पुढे सरकली. साहेब दारात उभे होते. ते नुसतं “खुर्ची मोडली नाही ना?” एवढंच म्हणाले.

आता तुला स्पष्ट सांगतो, कारण तू विचारलं होतंस, किरकोळ आहे ना, बाबा पुढच्या वर्षी बघू म्हणतात. किरकोळ नाही. ती झडप तीन चौरस सेंटिमीटरच्या पुढे उघडायला हवी. बाबांची पाऊणही उघडत नाही. पंप अजून शाबूत आहे, पन्नास टक्के (धडधाकट माणसाचाही साठ-पासष्टच असतो), म्हणून तर घाई करायची, तो दमण्याआधी. झडप बदलता येते. आमच्याकडे अशी माणसं दर आठवड्याला येतात आणि बाई म्हणतात, वेळेत आली तर बरी होऊन जातात. बाबांना कुलपाच्या भाषेत सांगायला हवं: दार जाम झालंय, आणि आतला माणूस रोज खांद्याने ढकलतोय. त्यांना यापेक्षा जास्त सांगावं लागणार नाही. जाम दारावर तेल घालत बसणाऱ्यांना ते स्वतःच किती शिव्या देतात!

पण हे तू सांगू नकोस. तुझा आवाज मऊ पडेल. माझाही पडला. मी येतोय. गुरुवारी सकाळच्या गाडीने निघतो, दुपारपर्यंत दुकानात पोचेन. साहेबांनी रजा दिली आहे. मी मागितली नव्हती, बाईंनी मागितली. मी बाबांसमोर बसून पहिल्या ओळीपासून वाचेन, आणि ते मधेच उठले तर पुन्हा पहिल्यापासून. बोलले नाहीत तरी चालेल. पेन्सिल त्यांच्या हातात देईन.

तू फक्त एक कर. हे पाकीट मिळेल त्याच दिवशी त्यांच्या कामाच्या टेबलावर ठेव. रिपोर्ट आत राहू दे. वरचा पिवळा कागद तेवढा बाहेर काढून ठेव. त्यावर खालच्या ओळीत मी वाचणारा म्हणून सही केलीय आणि पुढे नातं लिहिलंय. इंग्रजीत आहे, पण तीन अक्षरांचा शब्द आहे, बाबांना तेवढा वाचता येतो.

दर पत्राच्या शेवटी मी ‘बाकी ठीक’ लिहितो. ते आमचं ‘आरएएस’ होतं, ताई. आज लिहीत नाही.

तुझा खोटारडा भाऊ,
आणि पिवळ्या कागदावर लिहिलंय तो