वेलीवरची मच्छरदाणी

अहो,

शरयूचा ताप उतरत नाहीये, म्हणून तिला डॉक्टरांना दाखवून तिथूनच रनाळ्याला आईकडे जातेय. पाळण्याची मच्छरदाणी शिवायला टाकलीय, असं तुम्ही मला आठवडाभर सांगत होतात. आज कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, तर ती तुमच्या वेलीवर, चारी बाजूंनी नीट बांधलेली. जगातून संपत आलेली वाइनची द्राक्षं पाखरांपासून जपायची आणि पोटच्या पोरीला डासांपुढे टाकायचं. शाब्बास.

मच्छरदाणी सोडून नेतेय. बुलबुल कठड्यावर येऊन बसलेत. भाकरी टोपल्यात आहे.

दवाखान्यात धावत येऊ नका. पोरी काय, गल्लोगल्ली असतात. असली जात पुन्हा मिळायची नाही.

रुचिका