परत मागितलेला गुण्या

मागच्या खोलीतल्या हत्यारांच्या फळ्यावर चौदा दिवसांपूर्वी एक आकृती उमटली. ती ज्या वस्तूची आहे ती वस्तू माझी नाही, माझ्या भाचीची आहे. ती आज माझी व्हावी आणि तशी लेखी, साक्षीदारांसमोर नोंद राहावी, म्हणून हे मृत्युपत्र मी घाईने करत आहे. एरवी आणखी काही वर्षे मी हा विषय काढला नसता.

माझे वय चौऱ्याहत्तर. डोके ठिकाणावर आहे, हात कापत नाही, चष्मा लावून सुई ओवता येते. पदार्थविज्ञानाची पदवी घेतली आणि तेहतीस वर्षे कॉलेजच्या प्रयोगशाळेत काढली, तेव्हा काय मोजता येते आणि काय येत नाही हे मला कळते. हे मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. माझ्यावर दबाव आणायचा हक्क असलेला एकमेव माणूस, माझे पती, सात वर्षांपूर्वी वारले आणि त्यांनाही ते कधी जमले नव्हते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर, वरच्या दोन खोल्यांसह, भाचीला. ती माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. वय बेचाळीस, दोन मुली अजून शाळेत. घर विकायचे तर खुशाल विकावे. जिन्याची तिसरी पायरी वाजते, ती घेणाऱ्याला आधी सांगावी. फसवाफसवी नको.

२. बँकेतली रक्कम आणि माझे दागिने, जे काही आहेत ते, तिच्या दोन मुलींना सारखे. बांगड्या मोठीला आणि गोफ धाकटीला असे करू नये. दोघींना आयुष्यभर वाटत राहील की दुसरीला जास्त मिळाले. मला आणि माझ्या बहिणीला वाटत राहिले.

३. माझ्या दिरांनी सोळा वर्षांपूर्वी लाकूड पकडायचा आमचा मोठा शिकंजा 'दोन दिवसांसाठी' नेला. तो त्यांनी आता ठेवून घ्यावा. त्याचे जबडे एका बाजूला अर्धा सूत उघडे राहतात हे मी त्यांना कधी सांगितले नाही. त्यांची सगळी कपाटे तिरकी का होतात ते आता कळेल.

४. मागची खोली, म्हणजे कारखाना. आम्ही त्याला कारखाना म्हणतो. आहे ती दहा बाय चौदाची खोली. एक टेबल, एक खराद म्हणजे लेथ, दोन करवती आणि भिंतीवर फळा. दर रविवारी सकाळी इथे मंडळी जमत. वायरमन, शिंपी, कंपाउंडर आणि एक निवृत्त कारकून. कारकुनाचे कापलेले प्रत्येक लाकूड पाऊण इंच कमी भरते, म्हणून त्यांचे नाव पाऊणइंच पडले. सगळे हौशी. शिंप्याने चार महिने खपून स्टूल केले, त्यावर पहिला बसला तो पाऊणइंच आणि पहिला पडलाही तोच. "माप घेतलं होतं का माझं?" असे त्यांनी जमिनीवरूनच विचारले. शिंपी म्हणाला, "घेतलं होतं, पण तुम्ही ट्रायलला आला नाहीत." हे स्टूल अजून आहे. ते कोणाला देऊ नये, त्यावर कोणी बसूही नये.

खराद वायरमनला. करवती, पटाशा आणि रंधे पाऊणइंचांना, या अटीवर की कापण्याआधी माप वायरमनला दाखवावे.

५. फळ्याबद्दल नीट लिहिते.

फळा माझ्या पतींनी केला. गडद हिरवा रंग, त्यावर प्रत्येक हत्याराची पांढऱ्या तैलरंगात बाह्यरेषा, आणि वर एक खिळा. हत्यार फळ्यावर धरायचे, भोवती पेन्सिल फिरवायची, मग रंग. काम संपले की हत्यार आपल्या आकृतीत गेले पाहिजे. एकही आकृती रिकामी ठेवून खोलीला कुलूप लावायचे नाही, हा त्यांचा नियम. त्यावरून थट्टा पुष्कळ झाली. वायरमनने एकदा चहाच्या कपाची आकृती काढली आणि ती रिकामी दिसते म्हणून दिवसभर मला चहा करायला लावला.

पती गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी फळ्यावर एक चष्मा आला. शिंप्याचा. डावी काडी वाकडी, जशीच्या तशी. सगळ्यांनी एकमेकांवर ढकलले. शिंपी हसला, चष्मा काढून त्याने खिळ्याला लावला आणि म्हणाला, "चला, डोळे रिटायर झाले." एकोणीस दिवसांनी तो झोपेतच गेला.

तीन वर्षांनी कवळी आली. कंपाउंडरांची. हसून हसून आमची पोटे दुखली. नंतर त्यांनीच विचारले की ही काढली कोणी, कारण कवळी त्यांनी रविवारी कधी तोंडाबाहेर काढलेली नाही. तेव्हा मात्र कोणी हसले नाही. वस्तू हातात असल्याशिवाय बाह्यरेषा काढता येत नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. शिवाय पांढऱ्या रंगाचा डबा सात वर्षांपूर्वीच दगड झाला आहे. तो मी फेकलेला नाही. कोणालाही पाहता येईल. कंपाउंडरांना सतरा दिवस मिळाले. त्यांच्या सुनेने कवळी माझ्याकडे आणून दिली. का, ते तिलाही सांगता आले नाही.

वायरमनने फळ्यावर दोन हात रंग दिला. पुढच्या रविवारी सगळ्या आकृत्या वर आल्या होत्या, नव्यासुद्धा. फळा भिंतीतून काढायला गेलो तर एकही बोल्ट फिरला नाही. मी अंधश्रद्धाळू नाही. मी फक्त दोनदा जे घडले ते लिहीत आहे. दोन निरीक्षणांवरून नियम होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना तेहतीस वर्षे सांगितले. तिसरे निरीक्षण मला नको आहे.

६. आताची आकृती गुण्याची आहे. काटकोन तपासायचा गुण्या, लहान, पितळी पट्टीचा. तो पतींनी भाचीसाठी ती नऊ वर्षांची असताना केला. मूठ मुद्दाम तिच्या पंजाच्या मापाची, मध्ये बारीक, म्हणून असा गुण्या दुसरा नाही. ती अजून वापरते. हल्ली ती घरी फर्निचर करते आणि आमच्या कोणाहीपेक्षा चांगले करते.

एक गोष्ट मात्र जुळत नाही. आकृतीत मुठीचा खालचा कोपरा उडालेला दिसतो. भाचीचा गुण्या शाबूत आहे. महिन्यापूर्वीच मी तो हातात घेतला होता. म्हणून चौदा दिवस मला आशा आहे की ही आकृती त्याची नसेल.

७. मागच्या रविवारी आम्ही तिघे बोललो. वायरमनचे म्हणणे, वस्तू ज्याची, आकृती त्याची. मी विचारले, मग वस्तूचा मालक बदलला तर? मग पाऊणइंच म्हणाले, "वहिनी, मी घेतो तो गुण्या. माझं काय, मी सगळीकडे कमीच भरतो."

मी म्हणाले, "म्हणूनच तुम्ही नको. इथे माप चुकून चालणार नाही."

ते हसले आणि लगेच उठून खिडकीशी गेले. या माणसाला मी बावीस वर्षांत एकदाही चांगले म्हटलेले नाही. ते इथे म्हणते.

गुण्या आमच्या घरचा, माझ्या नवऱ्याच्या हातचा, तेव्हा परत येण्याचा त्याचा रस्ताही सरळ माझ्याकडेच येतो. असा निर्णय झाला.

८. भाचीसाठी. तू हे वाचशील तेव्हा तुला कळेल की फोनवर मी तशी का बोलले. दिलेली वस्तू मावशी परत मागते, कारणही सांगत नाही, याचा तुला राग आला. "एवढी कंजूष कधी झालीस गं मावशी?" असे तू म्हणालीस. मी उत्तर दिले नाही, कारण खरे सांगितले असते तर तू दिला नसतास. तू तुझ्या आईसारखी आहेस. गुण्याबद्दल माझ्यावर रागावलेली राहिलीस तरी चालेल, पण तो परत मागू नकोस. फळ्यावरून काढू नकोस. या खोलीत अंगठी, किल्ली, केसांची क्लिप, काही काढून ठेवू नकोस.

९. पुढे आणखी एखादी आकृती आली तर थट्टा करू नये. ज्याची वस्तू असेल त्याच्याकडून वयाने सर्वांत मोठ्याने ती मागून घ्यावी, लेखी. याने काही साधते की नाही, हे माझ्यावरून कळेल. तारखा मोजाव्यात.

हे मृत्युपत्र वायरमन आपल्या लोखंडी कपाटात ठेवतील. भाचीला इतक्यात काही कळू नये, म्हणून तिची साक्ष घेतलेली नाही, आणि तिला ते वाचूनही दाखवलेले नाही.

स्थळ: मागची खोली, कामाचे टेबल.
वेळ: रविवार, सकाळी साडेदहा.

करून देणार: सही.
साक्षीदार: वायरमन, सही. पाऊणइंच, सही. (सहीसुद्धा रेघेच्या आत संपली आहे.)

ताबा घेतल्याची नोंद, त्याच दिवशी, अकरा वाजून दहा मिनिटे:

भाची स्वतः आली. बसली नाही. गुण्या जुन्या रुमालात गुंडाळलेला होता, तो तिने टेबलावर ठेवला. मी उलगडला. मुठीचा खालचा कोपरा उडालेला आहे.

हे कधी झाले, असे मी विचारले.

"परवा. हातातून निसटला, फरशीवर पडला." मग म्हणाली, "आता भरपाईपण मागतेस का?"

नको, म्हणाले. वायरमनने माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्याकडे पाहिले नाही. आकृती चौदा दिवसांची आहे. टवका दोन दिवसांचा.

भाचीने पावतीवर सही केली आणि ती गेली. फाटक वाजल्यावर मी गुण्या फळ्याला लावला. रेषेच्या बाहेर कुठेही आला नाही. टवक्यापाशीही नाही.

वस्तू: गुण्या, एक, पितळी पट्टी, मूठ शिसवी, कोपरा उडालेला. देणार: भाची. घेणार: मी. आज अकरा दहापासून मालकी माझी, एकटीची. फळ्यावर आता एकही आकृती रिकामी नाही. कुलूप लावले.