ठकूबाईची हजेरी

१२ जानेवारी १९५४, मंगळवार. डोंबिवली
साइटवर अपघात. दुपारी दोराने बांधलेली बांबूंची परांची सुटली आणि ठकूबाई वरच्या मजल्यावरून विटांच्या ढिगावर आली. मानपाड्याची बाई, घमेली वाहते. नवरा नामदेव आमच्याकडेच गवंड्याच्या हाताखाली. विटांच्या ट्रकमधून कल्याणच्या इस्पितळात नेली. उजवा हात पाहवेना. आमचे ठेकेदार परशुरामशेठ म्हणाले, "दोर जुना होता हे कुठे बोलू नका." दोर जुना होता. हजेरी, माल, देखरेख, सगळे माझ्याकडेच.

१५ जाने.
हात कोपराच्या वरून काढला. मी गेलो नाही. सिमेंट उतरवून घ्यायचे होते.

२३ जाने.
गेलो. शेठनी कागद देऊन पाठवले होते. "मला जे मिळायचे ते मिळाले, माझी काही तक्रार नाही." तिला अर्धवट वाचून दाखवला. शाईचा पॅड पुढे केला आणि सवयीने म्हणालो, "उजवा अंगठा." बाजूच्या खाटेवरची म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. ठकूबाईने डावा पुढे केला.
घरी येऊन साबणाने हात धुतले. शाई माझ्या बोटांना लागलेलीच नव्हती.

२ फेब्रु.
नामदेव पाण्याच्या टाकीशी गाठून विचारत होता, "भाऊ, कोरटात जावं का? लोकं सांगतान कायदा हाय."
मी म्हणालो, "रोजावरच्या माणसाला कसला कायदा? हेलपाटे होतील नुसते."
खरे काय ते मला माहीत नव्हते. माहीत नाही एवढे म्हणता आले असते.

९ मार्च
सिमेंटच्या परमिटासाठी ठाण्याला. काम लवकर आटोपले. कोर्टासमोर करंदीकर वकिलांची पाटी दिसली, आत शिरलो. म्हातारे गृहस्थ, कानात भिकबाळी. "माझ्या ओळखीच्या एकाचे प्रकरण आहे," असे सांगून सुरुवात केली.
"इमारत किती मजली?"
"तळमजला धरून तीन."
"मग बसते कायद्यात. बाई रोजावरची असली तरी. मालकाची चूक दाखवायलाही लागत नाही. कामावर असताना, कामामुळे लागले, एवढे पुरे. अर्ज मात्र वर्षाच्या आत, कामगार भरपाईच्या कमिशनरकडे."
अंगठ्याच्या कागदाचे विचारले.
"कमिशनरकडे नोंदलाय का? नाही ना? मग भजी बांधा त्यात."
मग त्यांनी विचारले, ती त्या दिवशी कामावर होती याला पुरावा काय. हजेरीबुक असेल, म्हणालो. ते कोण लिहितो?
"असेल कोणी कारकून."

१० मार्च
१२ जानेवारीच्या नोंदीत मी एक गोष्ट लिहिली नाही. या वहीत खोटे लिहायचे नाही असे ठरवून ही वही सुरू केली, म्हणून आज लिहितो. ती चढायला तयार नव्हती. घमेले खाली ठेवून म्हणाली, "भाऊ, दोर कुजलाय. मी नाय चढत." वर गवंडी खोळंबले होते, शेठ येणार होते. मी म्हणालो, "चढ गं, काही होत नाही. रोज चढतेस ना?" ती चढली. मी हजेरीबुकात डोके घातले. आवाज आला तेव्हा वर बघितले.

२६ एप्रिल
करंदीकरांचा पत्ता चिठ्ठीवर लिहून नामदेवच्या हातात दिला. दीड महिना खिशात होती, घडीवर फाटत आलेली. माझे नाव कुठे सांगू नकोस म्हटले. त्याने चिठ्ठी कपाळाला लावली. तिथून पळालो.

१७ जून
शेठना नोटीस आली. त्यांच्या वकिलाचे म्हणणे, बाई त्या दिवशी कामावर नव्हतीच, नवऱ्याला भाकरी द्यायला आलेली. शेठ नवे कोरे हजेरीबुक घेऊन आले. "जानेवारी पुन्हा उतरवून काढा. अक्षर तुमचंच पाहिजे."
मी म्हणालो, "शेठ, हे..."
"खोली बरी आहे ना? गळत नाही ना यंदा?"
खोली त्यांच्याच चाळीतली. सकाळपासून दुपारपर्यंत बसून एकतीस दिवस उतरवले. चौतीस नावे. बारा तारखेला ठकूबाईपुढे 'गै.' लिहिले. त्याआधी दौत भरून घेतली, टाक पुसला, पाणी प्यालो. जुने बुक शेठनी डांबराच्या भट्टीत टाकले आणि मला चहा मागवला. प्यालो तो.

२२ नोव्हें.
समन्स. बाईच्या बाजूने साक्षीदार म्हणून माझेच नाव. ठाण्याला जाऊन करंदीकरांना भेटलो, माझ्याकडून काही निघणार नाही हे सांगायला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "ओळखीच्या एकाचे प्रकरण. बरोबर?"
मी मान डोलावली.
ते म्हणाले, "चढायला कोणी सांगितलं ते बाई सांगत नाही. आठवत नाही म्हणते. मी खोदून विचारलं, तर म्हणाली, 'त्या भाऊला दोन पोरी हायत.' तुम्हाला किती मुलं?"
"दोन मुली."
त्यांनी चष्मा खाली ओढला आणि कागद पुढे घेतले. मला चपला सापडेनात, दाराशीच होत्या.

५ डिसें.
कमलला सगळे सांगितले. दोर, अंगठा, बुक. मुली शाळेत होत्या. ती तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही. खोली जाईल म्हणालो, नोकरी तर जाईलच. एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "अहो, त्या दिवशी तुम्ही घरी येऊन दोनदा आमटी मागून घेतलीत. मला वाटलं, फार लागलं नसेल कोणाला."
रडली असती तर बरे झाले असते.

९ जाने. १९५५
शेठनी बोलावून साक्षीची उजळणी करून घेतली. "ती नव्हती" एवढेच म्हणायचे. तीनदा म्हटले. तिसऱ्यांदा अगदी सहज आले तोंडात.

१८ फेब्रुवारी १९५५
ठाणे. कमिशनरसाहेबांपुढे साक्षीला उभा राहिलो. करंदीकरांनी नवे बुक दाखवले. अक्षर कोणाचे? माझे. १२ जानेवारीला काय लिहिले आहे? गैरहजर. खरे का?
शेठ पहिल्या बाकावर होते. नाही म्हणालो. ती होती. हे बुक जूनमध्ये एका बैठकीत लिहिले. जुने जाळले.
शेठचे वकील ताडकन उठले. खोटे बुक केल्याची कबुली देणाऱ्या माणसावर विश्वास काय ठेवायचा? आणि ती कामावर होती असे धरले, तरी चढू नये असा हुकूम मोडून चढली, भरपाई लागू नाही. कमिशनरसाहेबांनी माझ्याकडे बघितले. असा हुकूम होता का?
"नव्हता. दोर कुजलाय असं तीच म्हणाली होती. चढ म्हणून मी सांगितलं."
हे बोलताना तिच्याकडे बघायचे ठरवले होते. टेबलाच्या पायाकडे बघत होतो.
निकाल आज नाही. पुढची तारीख पडली. माझ्यावर काय कारवाई करायची तेही तेव्हाच बघू, साहेब म्हणाले. शेठ बाहेर जाताना एवढेच बोलले, "महिनाअखेर खोली."
व्हरांड्यात ठकूबाई आणि नामदेव उभे होते. वर्षभरात पहिल्यांदा तिला जवळून बघितले. चोळीची बाही वळवून शिवून टाकलेली. नामदेवने हात जोडले, तिने नाही.
"येवडं बोलाला वरीस लागला तुमाला," ती म्हणाली.
"हो," मी म्हणालो.
ती थोडी थांबली, मी आणखी काही म्हणेन म्हणून. मग पायऱ्या उतरू लागली.