सॉफ्टवेअरच्या पोटातला ब्राउझर

३ मार्च, मंगळवार. सकाळी ९.४०
गुडघ्याला प्लास्टर, म्हणून आजपासून घरून काम. लॅबमधला माझा कॉम्प्युटर इथून, जेवणाच्या टेबलावरून चालतो. रिमोट अ‍ॅक्सेस म्हणतात. रक्ताचे रिपोर्ट तपासायचे आणि पुढे सोडायचे. सतरा वर्षं हेच करतोय, फक्त खुर्ची बदलली.
संकल्प: रोजनिशी रोज, वेळेसकट. कोण काय करतंय याची नोंद असलेली बरी.

११.१५
चष्मेवालीचा मेल. ही लॅबचे कॉम्प्युटर सांभाळते, येऊन वर्षही झालं नाही. म्हणे रिमोटच्या सॉफ्टवेअरमध्ये जो ब्राउझर आहे त्यात सुरक्षेच्या त्रुटी सापडल्यात, शुक्रवारी पाचच्या आत सगळ्यांनी अपडेट करा. खाली निळं बटण. एवढं ठळक बटण सरळ माणूस लावत नाही. दाबलं नाही.

४ मार्च
फोन करून विचारलं, सॉफ्टवेअरमध्ये ब्राउझर कशाला? म्हणाली, लॉगिनची, मदतीची पानं दाखवायला आत एक छोटा ब्राउझर असतो, आपल्याला वेगळा दिसत नाही. तो जुना राहिला की त्यातून बाहेरचा माणूस आत शिरू शकतो. मी म्हटलं, मी ब्राउझर वापरतच नाही. म्हणाली, तुम्ही नाही वापरत काका, सॉफ्टवेअर वापरतं.
काका! मी बावन्नचा.
ब्राउझर दिसत नाही, पण त्याला पडलेलं भोक बरं दिसलं हिला. काहीतरी काळंबेरं आहे. अपडेटच्या नावाखाली घरी बसलेल्यांवर पाळत ठेवायची, कोण चहाला किती वेळा उठतं ते मोजायचं. (मी तीनदाच उठतो. चौथा चहा इथेच येतो.)
उपाय: डेस्कटॉपवरचं ब्राउझरचं चिन्ह काढून टाकलं. प्रश्नच मिटला. शिवाय कॅमेऱ्यावर चिकटपट्टी. बायको म्हणाली, अहो, ती तुमच्या गुडघ्यासाठी आणली होती.

५ मार्च. दुपारी २
स्क्रीनवरचा बाण आपोआप हलला. दोन बोटं, उजवीकडे. हात काढून दहा मिनिटं टक लावून बसलो. हलला नाही. म्हणजे त्यांना कळलं की मी बघतोय.
अपडेट कायमचं बंद करायची सोय शोधून काढली. बंद. आता या म्हणावं.

६ मार्च, शुक्रवार. ४.५०
चष्मेवालीचा फोन. बेचाळीस जणांचं झालं, तुमचंच राहिलंय. म्हटलं, झालंय. म्हणाली, माझ्या यादीत लाल दिसतंय. म्हटलं, यादी जुनी असेल. मग म्हणाली, सोमवारी मीच घरी येऊन करते.
घरी! हिची मजल बघा.

७ मार्च, शनिवार. दुपारी ३.१०
रिमोटच्या खिडकीत निरोप आला: तुमच्यावर कोण नजर ठेवून आहे? इथे पाहा.
शेवटी एक तरी प्रामाणिक माणूस भेटला. लगेच दाबलं. पान तिथेच, सॉफ्टवेअरच्या आतच उघडलं. पांढरं. गोल गोल फिरलं आणि बंद झालं. नाव दाखवलंच नाही. चष्मेवालीने मध्येच अडवलं असणार.

९ मार्च, सोमवार. ८.२०
लॅब ठप्प. फायली उघडत नाहीत, सगळ्यांच्या नावांच्या जागी अगम्य अक्षरं. चष्मेवाली तिकडेच अडकली. बायकोला म्हटलं, मी सांगत नव्हतो? ही म्हणाली, काय सांगत होतात? बायकोने इतकं काटेकोर असू नये.

१०.३०
वहिनीचा फोन. दादाचं आज हर्नियाचं ऑपरेशन होतं. रक्ताचा रिपोर्ट आमच्याच लॅबचा. तो मिळेना म्हणून डॉक्टरांनी पुढे ढकललं. दादा काल रात्रीपासून उपाशी. हॉस्पिटलचा झगा चढवून तयार बसला होता, तो उतरवून घरी आला. वहिनी म्हणाली, भाऊजी, तुमच्या लॅबमध्ये कोणीतरी शेण खाल्लंय, शोधून काढा त्याला.
शोधतो म्हटलं.

१० मार्च
चष्मेवाली आली. डोळे लाल, केस कसेबसे बांधलेले. माझा लॅपटॉप तासभर तपासला. म्हणाली, इथूनच शिरले. शनिवारी दुपारी काय उघडलं होतंत? आठवत नाही म्हटलं. आवाज चढवला नाही तिने. म्हणाली, रिपोर्टची रोजची प्रत आहे माझ्याकडे, पण ते नेमके कधी शिरले ते कळल्याशिवाय कोणत्या दिवसाची घ्यायची? चुकीची घेतली तर ते परत येतील. मग म्हणाली, शुक्रवारीच मी तुमचं कनेक्शन तोडणार होते. लॅबचे मोठे डॉक्टर म्हणाले, राहू दे, त्यांच्याइतका सावध माणूस लॅबमध्ये नाही.
मी प्लास्टरकडे बघत बसलो.
तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, अहो, वहीत लिहिता की तुम्ही सगळं. वेळेसकट.

११ मार्च
काल वही दिली. म्हटलं, शनिवारचं पान तेवढं बघ. म्हणाली, सगळी पानं लागतील. समोरच बसून वाचली. पहिल्याच पानावर थांबली. चष्मा काढला, पुसला, परत लावला. पुढे वाचत गेली. शेवटी म्हणाली, तीन-दहा ही वेळ फार कामाची आहे. आणि तो बाण टेबल हललं तरी हलतो, काका.
या वेळी काका खटकलं नाही.
तिने शुक्रवारची प्रत चढवली. आज दुपारी रिपोर्ट परत आले. दादाचाही. ऑपरेशन उद्या सकाळी.

संध्याकाळी ६
वहिनीचा फोन. भाऊजी, सापडला का तो?
म्हटलं, सापडला.
कोण?
म्हटलं, मी.
मग म्हणाली, यांना महिनाभर सांगू नका. हसले तर टाके तुटतील.